दोन्ही टिळे लाल

१

सहा नंबरची बॅटरी शनिवारी पहाटे कधीतरी जळाली. जळताना कोणी पाहिलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा लोखंडी पेटीतली वाळू काळी पडली होती, बॅटरीचं चंदेरी पाकीट फुगून फाटलं होतं, आणि शेडमध्ये असा वास होता की घशात टाचण्या टोचत होत्या.

मामा दारातच थांबला. मी मागे होते, त्यामुळे मला आधी त्याची पाठ दिसली. शर्टाच्या आत ती आक्रसली.

"पुष्पे, तू बाहीर जा," तो म्हणाला.

अर्थात मी गेले नाही.

मी पुष्पांजली, दहावी अ. माझं गाव सोनाळा, पण शिकायला डोणगावला तुळशीराममामाकडे राहते. गावाबाहेर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची एक शेड आहे. मामा आधी त्याच जिनिंगमध्ये मशीनवर होता. पाच वर्षांपूर्वी सुहासिनीमॅडम पुण्याची नोकरी सोडून इकडे आल्या आणि त्या शेडमध्ये त्यांनी बॅटरीची प्रयोगशाळा काढली. लोक हसले. मामाही हसला असेल, पण तीन वर्षांपूर्वी कपाशीवर फवारणी करताना बाजारातल्या पंपाची बॅटरी त्याच्या पाठीवरच पेटली. अजूनही तो आंघोळीला बसला की गोजरमामी पाठीवर तांब्या एकदम ओतत नाही, धार धरते. दवाखान्यातून आल्यावर तो सरळ मॅडमकडे गेला आणि म्हणाला, "मले काम द्या. झाडू मारीन." आता तो शेडचा राखणदार, फिटर, सगळंच आहे.

मॅडम काय करतात ते मी वर्गात इतक्यांदा सांगितलंय की बाई मला आता हात खाली करायला लावतात. साध्या लिथियम बॅटरीच्या पोटात एक द्रव असतो. लिथियमचे कण त्यातून ये-जा करतात म्हणून वीज मिळते. पण बॅटरी तापली की तोच द्रव पेट्रोलसारखा पेटतो. मॅडमना तो द्रवच नको आहे. त्याच्या जागी एक पातळ, घट्ट पापुद्रा: अर्धा प्लास्टिकसारखा लवचिक, अर्ध्यात भट्टीत भाजलेल्या दगडासारखी पांढरी पूड. आम्ही त्याला पापड म्हणतो. पापड पेटत नाही. त्याची खोड एवढीच की कण त्यातून मुंगीच्या चालीनं जातात.

आणि त्याला पाणी चालत नाही. हवेतला ओलावासुद्धा नाही. म्हणून शेडच्या एका कोपऱ्यात काचेची कोरडी खोली आहे. हवेतला ओलावा ओढून घेणारी एक मशीन तिथे रात्रंदिवस चालते, भिंतीवर दमटपणाचा काटा आहे, आणि मामा सकाळ-संध्याकाळ काटा पाहून रजिस्टरात आकडा लिहितो.

दसऱ्याच्या पापडांनी चमत्कार केला होता. कणांची चाल एकदम तिप्पट. मॅडमनी पेढे वाटले. त्या पापडांच्या सहा बॅटऱ्या झाल्या. पाच फवारणीच्या पंपांत बसवल्या, सहावी बाकावर चार्ज-डिस्चार्ज करत ठेवली. रविवारी सकाळी शेतकऱ्यांसमोर फवारणी दाखवायची होती, आणि पहिला पंप पाठीवर घ्यायचा हट्ट कोणी धरला होता ते सांगायला नको.

शुक्रवारी संध्याकाळी शंतनुसरांनी मामाच्या पाठीवर तो पंप चढवून पट्टा बांधून पाहिला होता. मामा आरशासमोर नवरदेवासारखा उभा होता.

आणि आता सहावी जळाली होती.

२

मॅडम आल्या. वाळूशी वाकून बसल्या. मग एकच वाक्य बोलल्या.

"एक खराब होती, की सहाही खराब आहेत?"

सगळं त्याच्यावर होतं. या एकाच बॅटरीला कोणी काही केलं असेल तर उरलेल्या पाच चांगल्या. पण पापडच बिघडलेला असेल तर पाच पंपांत पाच आगी बसलेल्या होत्या, आणि उद्या त्या माणसांच्या पाठीवर जाणार होत्या.

"रजिस्टर आणा, तुळशीराम. पापड वाळत होते त्या दिवसांचे आकडे बघू."

मामानं रजिस्टर आणलं. मॅडमनी पानं उलटली, मागे आल्या, पुन्हा उलटली. खंडेनवमी आणि दसऱ्याचं पान नव्हतं. शिवणीजवळ कागदाची बारीक कड तेवढी उरली होती, इतकी सरळ की पट्टी लावून फाडल्यासारखी.

"म्या तं लिवलं होतं," मामा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, खरं सांगतो, लिवलं होतं."

"तुमच्यावर अविश्वास नाही." मॅडमनी रजिस्टर मिटलं. "पण आज संध्याकाळपर्यंत उत्तर सापडलं नाही तर उद्याचं रद्द."

शंतनुसर तोवर आले होते. ते बुलढाण्याचे, वडील मास्तर. या पापडावरच त्यांची पीएचडी चालली होती. मला गणित तेच शिकवायचे, आणि न चिडता शिकवायचे, म्हणून ते मला आवडत.

"रद्द कशाला, मॅडम?" ते म्हणाले. "उघड आहे. काल या बाकाशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कोण उभं होतं?"

३

ते नागसेनदादाबद्दल बोलत होते. स्टँडजवळ त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या बॅटऱ्या पंपांत त्यानंच बसवल्या. मॅडमनी मला त्याला बोलवायला पाठवलं, आणि परत येताना त्याच्या मोटरसायकलवर मागे बसूनच मी चौकशी सुरू केली. मागच्या वर्षीची मी असते तर निरोप देऊन पळून आले असते.

"दादा, तुमी काल सहा नंबरले हात लावला काय?"

त्यानं मोटरसायकल हळू केली. "कोण म्हनते?"

"कोणी नाही. मीच विचारते."

"तू काऊन इचारशील वो, तुले तं पंपाचं नोझलबी काढता येत नाई." तो हसला, पण मग हसू गेलं. "शंतनुसर म्हनले असतीन. कारण मी बाजारातल्या बॅटऱ्या इकतो, तुमची चालली तं माहा धंदा बसते. बराबर?"

"बराबर."

"आन तुह्या मामाची पाठ पेटली तवा त्याले दवाखान्यात कोणं नेलं?"

मला ठाऊक होतं. यानंच.

"ती बॅटरी माह्या दुकानातली होती, पुष्पांजली." तो समोर रस्त्याकडे बघत बोलला. "म्या इकली होती. तवापासून मी रोज पाह्यतो का मॅडमची कधी होते. मी कायले बिघडवीन?"

पण चौकशी ती चौकशी. "दसऱ्याले कुठी होते?"

"नागपूरले. दीक्षाभूमीवर. दरवर्षी जातो, खंडेनवमीच्या सकाळी निघतो आन तिसऱ्या दिवशी येतो. सगळं घर होतं संग, फोटो दाखवू काय?"

म्हणजे पान फाडलं त्यानं असं म्हणावं, तर पापड वाळताना तो इथे नव्हताच. त्या पानावर काय आहे हे त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं. ज्याला पानावरचं माहीत नाही तो पान फाडेल कशाला?

शेडमध्ये आल्यावर मी शंतनुसरांनाही तेच विचारलं. वाटलं, रागावतील. ते रागावले नाहीत, थकल्यासारखे खुर्चीत बसले.

"मी दोन्ही दिवस बुलढाण्याला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आलो. मॅडम चेन्नईला होत्या. इथे फक्त तुझे मामा." मग कपाळ चोळत म्हणाले, "आम्ही इथे हवेतला थेंब मोजतो आणि तुझे मामा मशीनच्या बटणावर झेंडूचा हार घालतात. शास्त्र कसं पुढे जायचं, सांग."

मला जरा लागलं ते. पण डोक्यात ते वाक्य का राहिलं ते तेव्हा कळलं नाही.

४

मी कोरड्या खोलीत गेले. टोपी, हातमोजे, पांढरे बूट, सगळं घालून. आत मशीनची घरघर सोडून काही ऐकू येत नाही. स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटतो, आणि ओठ लगेच सुकतात. मला ती खोली आवडायची. त्या दिवशी आवडली नाही. कोणीतरी आपल्या आधी इथे येऊन गेलंय आणि जाताना काहीतरी पुसून गेलंय, असं वाटत राहिलं.

मशीनच्या पत्र्यावर मामानं लावलेले दोन टिळे होते. एक पिवळा, एक लाल. हळद आणि कुंकू, कोरड्याच चिमटीनं दाबून लावलेलं. शेडमध्ये पूजा यंदा पहिल्यांदाच झाली, आणि तिला मॅडमनीच फोनवर हो म्हटलं होतं. फक्त नारळ आत फोडू नका आणि पाणी शिंपडू नका, एवढ्याच दोन अटी घातल्या होत्या. मामानं दोन्ही पाळल्या.

पापड ज्या काचेच्या ताटांवर वाळतात त्या ताटांनाही टिळे होते. मामाच्या मते ताट म्हणजेसुद्धा यंत्रच. ताटं पाण्यानं धूत नाहीत, स्पिरिटनं मधला भाग पुसतात, म्हणून कोपरे तसेच राहिले होते. कोपऱ्यात पापडाची पांढरी पूड लागलेली, आणि तिच्यातच दोन टिळे.

दोन्ही लाल.

दुसरं ताट पाहिलं. दोन्ही लाल. तिसरं. दोन्ही लाल.

मामा घाईत हळद विसरला आणि कुंकूच दोनदा लावलं, असं मला वाटलं. पण मामा हळद विसरेल? आमच्या घरी हळदीचं बोट आधी आणि कुंकवाचं मग, हे तो झोपेतही चुकणार नाही.

बाहेर आले तर मॅडम फोनवर बोलत होत्या, नागसेनदादा दुकानात परत गेला होता आणि मामा कुठेच नव्हता.

"जेवायला गेलेत," शंतनुसर म्हणाले. माझ्याकडे न बघता.

५

घरी मामी मोरीत कपडे धूत होती.

"मामा?"

"गेला ना." ती माझी ओढणी घासत होती. त्या ओढणीवर मी परवा भाजीची हळद सांडली होती. "तुह्या ओढणीचं पाय बाई काय करून ठेवलं. हा डाग जातच नाई."

मी पाहिलं. डाग लालभडक झाला होता. साबण लागला की हळद लाल होते, हे मी सातवीत शिकले आणि दहावीत पुन्हा शिकले. हळद लावलेला कागद साबणाच्या पाण्यात बुडवा, लाल. लिंबू पिळा, परत पिवळा. साबण अल्कधर्मी असतो म्हणून.

मला ताटांवरचे टिळे आठवले.

ताटावरचे दोन्ही टिळे कुंकवाचे नव्हते. डावीकडचा हळदीचाच होता. लाल झाला होता. आणि तिथे साबण कुठून येणार? पण पांढरी पूड होती. मॅडम नेहमी सांगतात, पुडीला पाणी लागलं की तिच्यातून लिथियम सुटतं आणि पाणी साबणाहून कडक अल्कधर्मी होतं. कोरडी पूड आणि कोरडी हळद वर्षभर शेजारी ठेवा, काही होणार नाही. लाल व्हायला ओल लागते.

मशीनवरची हळद पिवळी होती, कारण तिथे पूड नव्हती. ताटांवरची लाल होती, कारण पूड होती आणि त्या खोलीत, जिथे थेंब मोजतात तिथे, हवा ओली झाली होती.

"मामी, खंडेनवमीले मामानं पूजा कशी केली?"

"कशी म्हंजे? जिनिंगमध्ये करत होता तशीच. मशीन बंद केली, पुसली, हळद-कुकू, हार." मामीनं ओढणी पिळली. "खंडेनवमीले मशीनले सुट्टी असते ना. बैलाले पोळ्याले कोणी जुपते काय?"

"बंद केली."

"सकाळी बंद केली, दसऱ्याच्या संध्याकाळी सुरू कराले गेला." मामीचा आवाज बारीक झाला. "आन आयक, कोणाले सांगू नको. त्यानं बटणावरचा हार काढला, तं मशीन सुरूच होती. कुलूप लावेल, आत कोणी नाई, आन मशीन आपली चालून राह्यली. तुह्या मामाले वाटते का देवीनंच हात लावला. तोच हार त्यानं घरी आणला, तुळशीपाशी ठेवला."

माझ्या अंगावर काटा आला. देवीमुळे नाही. शेडच्या कुलपाच्या किल्ल्या तीन होत्या. एक मॅडमची, एक मामाची.

"मामी, मामा जेवून शेडवर गेला ना?"

"शेडवर कायले? वावरात गेला. कपाशीवर बोंडअळी आली, आन एकच बॅटरी खराब होती, बाकी चांगल्या हायेत म्हने; उद्या चार लोकांपुढं हसं नको, आजच चालवून पाह्यतो." तिनं ओढणी दोरीवर टाकली. "त्यो नवा पंप घेऊन गेला. एक नंबरचा."

६

मामाचा फोन लागत होता, उचलत नव्हता. फवारणी करताना तो फोन टोपीत गुंडाळून बांधावर ठेवतो.

मी मॅडमना फोन करून एवढंच म्हटलं, "सहाही खराब आहेत, मामा वावरात आहे." मग स्टँडकडे पळाले. नागसेनदादानं माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता किक मारली.

वावर चार किलोमीटरवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनचे ढीग, मळणीयंत्राची धूळ, लोक आमच्याकडे हात करत होते. मी दादाच्या खांद्यावरून पुढे बघत होते. दूर कपाशीत निळा पंप दिसला. एक माणूस ओळीतून पुढे चालला होता, सावकाश, नळी डावी-उजवी करत. पाठमोरा.

"मामा."

मोटरच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. दादानं गाडी बांधावर टाकली आणि आम्ही कपाशीत शिरलो. बोंडांच्या कडा हाताला ओरखडे काढत होत्या. मी जवळ गेले तेव्हा मला तो वास आला. सकाळचाच. घशात टाचण्या.

"मामा, पंप उतरव."

तो वळला. घामानं डबडबलेला, खूश. "काय चालते वो हे, पुष्पे, एकदम..."

"मामा, पाठ गरम लागते काय?"

त्याचं हसू गेलं. मला वाटतं त्याला मघापासून ते जाणवत होतं आणि तो उन्हावर ढकलत होता. त्याचे हात पट्ट्याकडे गेले. बोटांना गाठ सापडेना. नागसेनदादा पुढे झाला, खिशातला चाकू काढून दोन्ही पट्टे कापले आणि पंप ओढून घेतला. खालचं बॅटरीचं झाकण बाहेर फुगलं होतं, पोट फुगतं तसं.

दादानं तो हाताच्या अंतरावर धरून नाल्याच्या कोरड्या वाळूत नेऊन टाकला आणि पळत आला. आम्ही तिघं कपाशीत वाकून बसलो. काहीच होईना. मामा म्हणाला, "नागसेन, उगाच पट्टे कापले लेका." आणि त्याच वेळी नाल्यातून फुस्स असा आवाज आला, मग पांढरा धूर, मग ज्वाळा. पंपाचं निळं प्लास्टिक मेणासारखं खाली बसलं.

मामानं हात मागे नेऊन स्वतःच्या पाठीला लावून पाहिला. बराच वेळ तो हात तिथेच होता.

७

दुपारी चारला शेडमध्ये आम्ही पाच जण होतो. उरलेले चार पंप नागसेनदादानं बाहेर वाळूत पुरले होते.

मी तिन्ही ताटं टेबलावर मांडली आणि लिंबू कापलं. डाव्या टिळ्यावर एक थेंब. लाल रंग वितळल्यासारखा झाला आणि पिवळा आला. उजव्या टिळ्यावर एक थेंब. ते बाजारचं रंगाचं कुंकू, ते लालच राहिलं. दुसऱ्या ताटावर तेच. तिसऱ्यावर तेच.

मॅडमनी चष्मा काढला. "खोली दमट होती."

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून मशीन बंद होती," मी म्हणाले.

"म्हणून कण तिप्पट पळाले." त्या जवळजवळ स्वतःशीच बोलत होत्या. "पापड पाणी प्यायला. ओला पापड वीज चांगली नेतो. आणि मग तेच पाणी आत लिथियमला खात बसलं, गॅस झाला, पाकीट फुगलं. आपण ज्याचे पेढे खाल्ले तो बिघाड होता."

"मशीन बंद कोणी केली हे आता स्पष्टच आहे," शंतनुसर हळू म्हणाले. "मामांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण चूक..."

मामा भिंतीला टेकून उभा होता. "म्हंजे म्याच," तो म्हणाला. "म्याच केलं हे."

मला त्याच्याकडे बघवेना. म्हणून मी सरांकडे बघितलं.

"मामानं बंद केली. पण सुरू कोणी केली?"

मी ताटं बाजूला सारली.

"दसऱ्याच्या संध्याकाळी मामानं हार काढला तेव्हा मशीन चालूच होती. कुलूप जागेवर. मॅडम चेन्नईला, त्यांची किल्ली त्यांच्यापाशी. तिसरी किल्ली तुमच्याकडे असते, सर."

"मी बुलढाण्याला होतो. सांगितलं ना."

"तुम्ही म्हणालात, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आलो. पण हे पण म्हणालात की मामानं मशीनच्या बटणावर झेंडूचा हार घातला होता. तो हार दसऱ्याच्या संध्याकाळीच मामानं घरी नेला. दुसऱ्या दिवशी येणाऱ्याला तो दिसणार नाही. बटणावर होता हे तर मलाही माहीत नव्हतं, आज मामीनं सांगितलं."

"कोणीतरी बोललं असेल माझ्याजवळ."

"मामा तुमच्याजवळ बोलला?"

मामानं मान हलवली. "मले कोणी इचारलंच नाई. मशीन आपोआप चालली, ते कोणाले सांगू? हसले असते." आणि मग तो म्हणाला, "पर म्या रजिस्टरात लिवलं होतं. मशीनले सुट्टी म्हणून. लपवलं नाई."

"म्हणूनच ते पान गेलं," मी म्हणाले. "मामाला लपवायचं असतं तर त्यानं लिहिलंच नसतं. पान त्यानं फाडलं ज्याला मशीन बंद होती हे माहीत होतं, आणि ते माहीत नव्हतं असं दाखवायचं होतं."

सरांनी बॅगेतून वही काढली, वहीतून घडी केलेला कागद, आणि तो टेबलावर ठेवला. मामाचं अक्षर, मोठं, रेषेच्या बाहेर जाणारं: खंडेनवमी. आज मशीनले सुट्टी.

"मला दसऱ्यालाच आकडा घ्यायचा होता," ते म्हणाले. "आलो तर मशीन बंद. काटा वर गेलेला. मी वैतागून बटण दाबलं, आणि सहज एक पापड तपासला. फेकून देण्याआधी, सहज. आणि आकडा तिप्पट आला, मॅडम. पाच वर्षांत एक आकडा हलला नव्हता."

"आणि तुम्हाला कळलं का, कशामुळे?"

"त्याच मिनिटाला कळलं." सरांनी वही मिटली. "वाटलं, एवढ्याशा ओलाव्यानं काही होणार नाही. वाळेल हळूहळू. मग पेढे आले. मग रोज वाटत होतं उद्या सांगू. सहावी बाकावर मीच लावून घेतली, काही होत नाही ना ते बघायला."

मॅडमनी कागद उचलून वाचला. मला वाटलं होतं त्या ओरडतील.

मामा भिंतीपासून पुढे आला. तो सरांसमोर उभा राहिला. तो आवाज चढवून बोललाच नाही, आणि मला अजून वाटतं की चढवला असता तर बरं झालं असतं.

"सर, काल पट्टा तं तुमीच बांधला ना. माह्या पाठीवर. घट्ट होते का म्हणून इचारलं बी तुमी."

शंतनुसर उठले, किल्ली टेबलावर ठेवली आणि दाराबाहेर गेले. मला त्यांनी सोडवून दिलेली गणितं अजून वहीत आहेत. ती बरोबर आहेत. मी ती खोडली नाहीत.

मॅडमनी ते पान रजिस्टरात परत चिकटवलं. दुसऱ्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी जळका पंप दाखवला आणि काय झालं ते सगळं सांगितलं. काही उठून गेले. बरेचसे बसून राहिले.

नवे पापड केले तेव्हा कणांची चाल परत मुंगीची झाली. मॅडम म्हणतात, खरी मुंगी बरी. आता पुडीचं प्रमाण बदलून बघताहेत. आकडा थोडा हललाय, थोडाच, पण प्रत्येक पापड तीनदा वाळवून मोजलाय.

पुढच्या खंडेनवमीला पूजा होणार आहे, मशीन चालू ठेवून. मॅडमनी विचारलं तर मामा बराच विचार करून म्हणाला, "दवाखान्यातल्या नर्सलेबी त्या दिवशी सुट्टी नसते. चालन."

आणि एक गोष्ट मॅडमनी नियमातच घातली. प्रत्येक ताटाच्या कोपऱ्यात, जिथे पूड लागते तिथे, आता हळदीचा एक टिळा असतो. कुंकू नाही, फक्त हळद. काटा बंद पडेल, रजिस्टराचं पान फाटेल, माणूस गप्प बसेल, पण ती गप्प बसणार नाही. मामा रोज सकाळी बूट घालून आत जातो, एकेका ताटाशी वाकतो, आणि बाहेर येऊन त्याच मोठ्या अक्षरात, रेषेच्या बाहेर जात लिहितो.

आज सकाळचंही मी पाहिलं. हळद पिवळी.